खालच्या गल्लीचं सांडपाणी : कामाच्या नोंदी

लातूर जिल्हा, मांजरा खोरं. गावाची लोकसंख्या सोळाशेच्या आसपास. ग्रामपंचायतीच्या वतीनं कामावर देखरेख माझ्याकडं होती. मूळ वहीतल्या मजुरांच्या हजऱ्या, सिमेंटच्या गोण्यांचे हिशेब आणि माणसांची नावं गाळून बाकीचं इथं उतरवलं आहे.

३ ऑक्टोबर २०२३

कालच्या ग्रामसभेत सांडपाण्याचा विषय सगळ्यात शेवटी आला, म्हणजे निम्मी माणसं उठून गेल्यावर. मागणी एकच : नाली करून द्या. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्ती असलेल्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत मिळतात. आपल्या गावाचे झाले ४ लाख ४८ हजार. त्यातले ३० टक्के, म्हणजे १ लाख ३४ हजार ४०० रुपये, पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायतीनं घालायचे.

एवढ्या पैशात गावभर सिमेंटची नाली होत नाही. झालीच, तर ती पाणी नेऊन सोडणार कुठं, यावर सभेत कुणी बोललं नाही. खालच्या गल्लीला आजही नाली आहेच. ती मारुतीच्या देवळामागं संपते. तिथून पुढं डबकं, मग ओढा, आणि ओढ्याच्या काठाला गावची जुनी विहीर.

सरपंचताई सभा संपल्यावर म्हणाल्या, "नाली नको म्हणलं तर लोक म्हणणार पैसे खाल्ले." त्यांचं खरं आहे. नाली डोळ्यांना दिसते, पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा मातीखाली जातो.

९ ऑक्टोबर

घरोघर फिरून यादी. मोरीचं पाणी कुठं जातं, न्हाणीचं कुठं जातं, शौचालय दोन खड्ड्यांचं की सेप्टिक टाकीचं. टाकीवाल्या घरांत पुरुषांचं उत्तर ठरलेलं : "पाणी जमिनीत मुरतं." मागच्या दारी बायकांना विचारलं की त्या सरळ पाइप दाखवतात. खालच्या गल्लीत अकरा घरांच्या टाक्यांचा पाइप नालीत उघडा सोडलेला आहे. म्हणजे आपण ज्याला मोरीचं पाणी समजतो, त्यात मैल्याचं पाणीही आहे. अंदाजपत्रक करताना हे विसरून चालणार नाही.

वरच्या गल्लीत तीन-साडेतीन फुटांवर मुरूम लागतो. खालच्या गल्लीत पाया खणणारे मिस्त्री सांगतात, दहा-बारा फूट काळीच.

२१ ऑक्टोबर

माती पाणी किती पिते, ते मोजलं. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीचा शोषखड्डा आता राज्यभर माहीत आहे : चार फूट लांब, चार रुंद, चार खोल खड्डा, मधोमध सिमेंटची टाकी, टाकीच्या वरच्या भागात छिद्रं, भोवती दगड. गाळ टाकीत बसतो, वरचं पाणी छिद्रांतून दगडांत जाऊन मुरतं. काम सोपं, खर्च कमी, डासांना जागा नाही. आपल्याकडंही सगळ्यांना तोच हवा आहे. पण खड्डा कितीही चांगला असला तरी पाणी शेवटी माती पिते.

रीत अशी : ज्या खोलीवर पाणी मुरवायचं तिथवर टीचभर रुंदीचं भोक खणायचं, तळाला दोन इंच बारीक खडी, मग पाणी भरून रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी पुन्हा भरायचं आणि पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते पाहायचं. अर्ध्या तासाच्या आत उतरली तर शोषखड्डा चालेल. तासाच्या वर गेली तर त्या मातीत पाणी मुरवायचा नाद सोडायचा.

रात्रभर भिजवणं हीच यातली खरी मेख आहे. यंदा पाऊस ओढून धरल्यामुळं काळ्या रानाला आत्ताच भेगा पडल्यात. खालच्या गल्लीत पहिल्यांदा पाणी ओतलं तेव्हा ते बघता बघता गडप झालं. जमलेली माणसं खूश. एक जण म्हणाला, "बघा, काळीबी पाणी पिती!" ते पाणी मातीत मुरलं नव्हतं, भेगांत घुसलं होतं. रात्रभरात माती फुगली, भेगा मिटल्या. सकाळी भोक भरलं आणि तासाभरानं पट्टी लावली, तर पातळी बोटाच्या पेरानंही उतरली नव्हती. वरच्या गल्लीत, मुरमात, तेवढंच पाणी सात-आठ मिनिटांत गेलं.

उन्हाळ्यात कोरड्या काळ्या रानात खड्डे घ्यायचे, पाणी मुरतंय म्हणून फोटो काढायचे आणि पावसाळ्यात तेच खड्डे तुंबून अंगणात वर यायचे, हा प्रकार मी या भागात बऱ्याच गावांत पाहिला आहे. त्यात खड्ड्याचा काही दोष नसतो.

निर्णय : वरच्या गल्लीत घरोघरी शोषखड्डे, जमतील तेवढे रोजगार हमीतून. खालच्या गल्लीत आहे त्या नालीचं पाणी एका जागी आणून त्यावर प्रक्रिया.

४ नोव्हेंबर

नालीच्या तोंडाशी पंधरा लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ. नळ आला त्या सकाळी बादली चाळीस सेकंदांत भरली. नळ नसलेल्या दिवशी दीड-दोन मिनिटं. रात्री नुसती धार.

हिशेब : गल्लीत ३०० माणसं. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी रोज ५५ लिटर. त्यातलं ६५ टक्के सांडपाणी धरलं तर रोजचं १०,७२५ लिटर. आज एवढं पाणी येत नाही, कारण नळच एक दिवसाआड येतो. पण योजना पूर्ण झाली की येईल, म्हणून आकार त्यावरच ठरवायचा.

२९ नोव्हेंबर

अवकाळी पाऊस. मोजणी बंद. ज्वारी आडवी झाली, माणसं त्या काळजीत. सांडपाण्याचा विषय काढण्याची ही वेळ नाही.

८ डिसेंबर

आराखडा. जाळी, मग तीन कप्प्यांची पाच हजार लिटरची गाळटाकी, मग खडीचे दोन वाफे, वाफ्यांत कर्दळ आणि पाणकणीस. पाणी खडीच्या आतून आडवं सरकत जातं, वर दिसत नाही. मुळांच्या आणि खडीच्या अंगावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, घाण तो खातो. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं फायटोरिड नावानं याच तत्त्वावरची पद्धत तयार केली आहे. आपला वाफा त्यामानानं साधा.

पाणी दोन दिवस तरी आत राहिलं पाहिजे. खडीत पोकळी साधारण ३८ टक्के आणि खोली ६० सेंटिमीटर धरली, तर लागते ९४ चौरस मीटर जागा. प्रत्येकी १२ बाय ४ मीटरचे दोन वाफे घेतले, झाले ९६. एकच मोठा वाफा स्वस्त पडला असता. पण दोन असले की एक बंद करून वाळवता येतो. खडी कधीतरी तुंबणार हे धरूनच चालायचं.

वाफ्यांना विटांच्या भिंती नकोत. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि भिंत आत ढकलते, हे गावातल्या अर्ध्या घरांच्या कुडावर लिहिलेलं आहे. बाजू उतरत्या ठेवायच्या आणि शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा कागद अंथरायचा. तो जोडणारी माणसं आता तालुक्यात सहज मिळतात. गाळटाकी मात्र बांधीव, आणि तिच्या खाली नि चहूबाजूंनी फूटभर मुरूम दाबून भरायचा.

१२ जानेवारी २०२४

काल येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. सगळं गाव शेतात, गावात कुत्रंही नव्हतं. मला दोन ठिकाणी भज्जी आणि तीन ठिकाणी आंबील घ्यावी लागली. दुसऱ्या शेतात जागेचा प्रश्न मात्र सुटला : देवळामागची गायरानाची पट्टी वापरायला शेजारच्या शेतकऱ्याची हरकत होती, कारण तो तिथं कडबा रचतो. आंबिलीच्या दुसऱ्या वाटीनंतर तो म्हणाला, निघणारं पाणी त्याच्या बांधावरच्या गवताला मिळणार असेल तर गंज दुसरीकडं हलवतो.

२७ जानेवारी

कालच्या ग्रामसभेत आराखडा मंजूर. वाद झाला तो गाळावरून.

एकानं विचारलं, टाकीतला गाळ काढणार कोण? उत्तर लगेच आलं, नाव न घेता, वस्तीच्या एका टोकाकडं हात करून : "ते आहेत की." पुढं कुणी काही बोललं नाही. ते ज्यांच्याबद्दल होतं, त्यांच्यातले दोघं सभेत मागं उभे होते.

मी उठून सांगितलं ते असं : या टाकीत अकरा शौचालयांचं पाणी येणार आहे, म्हणजे त्यात मैला असणार. २०१३ च्या कायद्यानं माणसाला हातानं मैला काढायला लावणं गुन्हा आहे. तो काम लावणाऱ्यावर, म्हणजे उद्या ग्रामपंचायतीवर, नोंदला जाऊ शकतो. सभेत कायद्याचं नाव काढलं की माणसं खाली बघतात, पण मनातून मानत नाहीत. म्हणून आराखडाच असा बदलला की माणूस आत उतरायची वेळच येऊ नये. टाकी आत होती ती रस्त्याला लागून घेतली, म्हणजे उपसा करणाऱ्या टँकरचा पाइप वरूनच पोचेल. प्रत्येक कप्प्याला वेगळं झाकण. आत पायऱ्या नाहीत, मुद्दाम. मिस्त्री म्हणाले, "सायब, पायऱ्या नसल्या तर उतरायचं कसं?" म्हटलं, त्याचसाठी नाहीत.

टँकरचा वर्षातून एकदाचा खर्च ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत धरायचा, असा ठराव घेतला. एवढ्या एका ओळीला सभेचा निम्मा वेळ गेला.

१४ मार्च

कार्यारंभ आदेश काल हातात पडला. आज जेसीबी लावून आखणी, खड्ड्याची सुरुवात आणि फोटो. लोकसभेची आचारसंहिता कोणत्याही दिवशी लागेल. चालू असलेलं काम थांबत नाही, न झालेलं सुरू करता येत नाही.

१६ मार्च

लागली.

२ एप्रिल

वाफ्यांच्या तळाला एक टक्का उतार : १२ मीटरला १२ सेंटिमीटर. पाण्याच्या नळीनं पातळी धरली. जेसीबीवाल्याला हे फाजील वाटतं. "इतक्यानं काय हुतंय?" इतक्यानंच पाणी एका कोपऱ्यात साचायचं थांबतं. कागद अंथरून त्यावर आणि खाली माती चाळून घातली, नाहीतर पहिला टोकदार दगड भोक पाडणार.

११ एप्रिल

पाडव्याच्या सुट्टीनंतर खडी आली. दोन्ही वाफ्यांना मिळून साधारण २० ब्रास. दोन्ही टोकांना मुठीएवढे दगड, मध्ये १० ते २० मिलिमीटरची. क्रशरची खडी चुरीसकट येते, आणि ती चुरी वाफ्यात गेली की खालची पोकळी पहिल्या वर्षातच बुजते. पुस्तक म्हणतं, धुऊन घ्या. धुवायला पाणी कुठलं? गावाला टँकर सुरू आहे. २०१६ साली याच जिल्ह्याला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. इथं खडी धुवायला पाणी मागणारा माणूस वेड्यात निघेल.

तेव्हा चाळली. वाळूची चाळणी तिरकी लावून प्रत्येक पाटी तिच्यावरून ओतली. चौघी बायका आणि दोन गडी, सकाळी सहा ते अकरा, त्यानंतर ऊन उभं राहू देत नाही. चाळणीखाली जमलेल्या चुरीचा ढीग ठेकेदाराला दाखवला. तो म्हणाला, "एवढं कुणीच करीत नाही." तोच ढीग पुढं रस्त्याच्या खड्ड्यांत भरला.

एक आजी रोज येऊन बघतात. आज विचारलं, "घाण पाणी खडीत घालून काय करलालाव?" सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी वाळूतून पाणी झिरपतंय तसं, नदीत झिरा काढताव तसं." माझ्यापेक्षा सोपं सांगितलं त्यांनी.

८ मे

काल मतदान. आज लागवड. कर्दळीचे कंद गावातल्याच मोऱ्यांमागून जमवले, पाणकणीस ओढ्यातून. अर्ध्या मीटरवर एक. या उन्हात लावू नये हे मलाही कळतं. पण पावसाळ्याची वाट पाहिली तर काळ्या रानात गाडी जाणार नाही.

पाणी इतकं कमी येतंय की दोन वाफे ओले राहत नाहीत. दुसरा बंद ठेवला, सगळं पाणी पहिल्यात. बाहेरच्या चेंबरमध्ये पाइपाला फिरता एल्बो आहे. तो उभा केला की वाफ्यातली पातळी वर, आडवा केला की खाली. सध्या खडीच्या माथ्याखाली चार बोटं. पाणी माथ्यावर दिसलं की डास आलेच.

२४ मे

वरच्या गल्लीतल्या शोषखड्ड्यांत पाणीच नाही. टंचाईत बायका भांड्यांचं पाणी बादलीत धरून लिंबाला आणि शेवग्याला घालतात. याहून चांगली व्यवस्था कोणती? दोन घरांनी तर खड्डाच नको म्हटलं, परसबाग पुरे आहे. त्यांची नावं यादीतून काढली. उद्दिष्टाचा आकडा कमी होतो म्हणून वर नाराजी. होऊ दे.

१७ जून

पाऊस वेळेवर. कर्दळीला नवी पानं. पाणकणीस निम्मं गेलं होतं, तिथं पुन्हा लावलं. दुसरा वाफा सुरू.

जाळीवर रोज काय अडकतं, ते आठवडाभर लिहून ठेवलं : शाम्पूच्या पुड्या, केसांचे गुंते, भात, चिंध्या, आणि गुटख्याच्या पुड्या सगळ्यात जास्त. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. जाळीला ते अजून कळलेलं नाही.

२० जुलै

डबकं गेलं. आशाताई म्हणतात, संध्याकाळी दारात बसता येतं. पण लोकांना एक स्पष्ट सांगावं लागतं : डबक्यातले डास वेगळे आणि डेंग्यूचे वेगळे. डेंग्यूचा डास घरातल्या स्वच्छ पाण्यात होतो, रांजणात, टाकीत, कूलरमध्ये. वाफा झाला म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी ठेवायचा दिवस, बंद करायचा नाही. सरपंचताईंना "डासमुक्त गाव" असा फलक लावायचा होता. तूर्त नको म्हटलं.

४ सप्टेंबर

पोळ्याला बैल बाहेर काढता आले नाहीत. तीन दिवस मराठवाड्यात नुसतं कोसळलं. ओढा दुथडी. छपरांचं आणि रस्त्याचं पाणी सगळं नालीत आलं. जाळीच्या अलीकडं जादा पाणी वळवायचं दार ठेवलं होतं, ते पहिल्या रात्री कुणी उघडलं नाही, कारण अंधारात तिकडं जाणार कोण. दुसऱ्या सकाळी उघडेपर्यंत पहिल्या वाफ्याच्या तोंडाशी गाळ चढला आणि पाणी माथ्यावर उभं राहिलं.

पहिला बंद केला, सगळं दुसऱ्यावर घेतलं. बाजू कुठंही ढासळल्या नाहीत, कागद शाबूत. गाळटाकीच्या भोवतीचा मुरूम एका बाजूला खचला, टाकीला तडा नाही.

दुरुस्ती : तोंडाशी दीड मीटर पट्टीतले दगड फूटभर खोलीपर्यंत काढून, धुऊन (आता पाणी आहे!) परत रचले. दाराची फळी काढून तिथं पक्का उंबरा बांधायला सांगितलं : पाणी ठरावीक उंचीवर गेलं की आपोआप बाहेर पडेल, माणसाची वाट बघणार नाही.

३ ऑक्टोबर

पाण्याचा अहवाल आला. बाटल्या बर्फात ठेवून लातूरला नेल्या होत्या. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन; तो जितका जास्त, तितकं पाणी घाण. आपल्याकडं त्याची चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते. गाळटाकीत शिरताना लिटरला १९० मिलिग्रॅम, वाफ्यातून निघताना ३८.

ग्रामपंचायतीत पेढे वाटायची तयारी होती. ३८ चांगलं आहे, पण कशासाठी, ते बघायला हवं. पर्यावरण नियमांत शेतजमिनीवर सोडायला मर्यादा १०० आहे, ओढ्या-नदीत सोडायला ३०. म्हणजे हे पाणी गवताला चालतं, ओढ्याला नाही. शिवाय बीओडी उतरला म्हणून जंतू गेले असं होत नाही. मेथी-कोथिंबिरीला हे पाणी लावायचं नाही, कच्चं खाल्लं जाणाऱ्या कशालाच नाही. बांधावर हत्तीगवत लावलं आहे, पाणी तिथंच संपतं. पावसाळ्यात संपणार नाही, तेव्हा ओढ्यात जाणारच. त्यावेळी निदान ओढा वाहता असतो. ही पळवाट आहे, उत्तर नाही, पण माझ्याकडं आत्ता याहून चांगलं काही नाही.

१४ ऑक्टोबर

टँकर आला. पाइप वरून सोडला, पहिला कप्पा उपसला, दुसरा निम्मा. कुणी आत उतरलं नाही. खरं तर अजून चार-सहा महिने चाललं असतं. पण पहिला उपसा माझ्या डोळ्यांदेखत व्हावा, म्हणजे रीत पडेल, म्हणून आग्रह धरला. गाळ शहराच्या मैला प्रक्रिया केंद्रावर न्यायचा, तशी पावती घेऊनच पैसे द्यायचे, हे ग्रामसेवकांना लिहून दिलं. पावती नसली की टँकर पहिल्या पुलाखाली रिकामा होतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

खर्चाच्या त्या एका ओळीवर पुन्हा चर्चा झाली. "दर वर्षी कशाला, तुंबलं की बघू." ठराव वाचून दाखवला. गेल्या वेळी सभेत मागं उभे असलेल्या दोघांतला एक जण आता ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी आहे. त्यानंच वहीचं पान काढून दिलं.

१६ ऑक्टोबर

काल विधानसभेची आचारसंहिता. वरच्या गल्लीतले उरलेले शोषखड्डे आता निवडणुकीनंतर.

वही ग्रामपंचायतीत देतो आहे. भिंतीवर लावायच्या कागदावर एवढंच : जाळी रोज सकाळी, लांब दांड्याच्या पंज्यानं. वाफे महिन्याआड आलटून-पालटून, १ तारखेला. एल्बो चार बोटं. कर्दळ दिवाळीनंतर गुडघ्यापर्यंत छाटायची, छाटलेलं वाफ्यात पडू द्यायचं नाही. टाकीचं झाकण उघडताना विडी नाही. टँकर मार्चमध्ये, टंचाई सुरू व्हायच्या आत.